सिडनीच्या कड्यापासून कल्याणपर्यंत : ऑस्ट्रेलियन रेडिओ खगोलशास्त्राचा उपेक्षित प्रारंभकाळ (१९४५-१९६५)

प्रस्तावना :

सर्वसामान्य मराठी वाचकाच्या मनात ऑस्ट्रेलियाची प्रतिमा क्रिकेट, मेंढपाळी, सोन्याच्या खाणी आणि अलीकडे परदेशी शिक्षण एवढ्यापुरती सीमित आहे. विज्ञानाच्या इतिहासातही या देशाचा उल्लेख तुरळकच येतो. रेडिओ खगोलशास्त्रापुरते बोलायचे तर न्यू साउथ वेल्समधील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाची दुर्बीण तेवढी सर्वांना ठाऊक असते. १९६९ साली अपोलो ११ मोहिमेतील चांद्रपदार्पणाची दृश्ये जगापर्यंत पोहोचविण्यात तिचा वाटा होता आणि २००० साली त्या प्रसंगावर ‘द डिश’ हा चित्रपटही निघाला. तथापि ही दुर्बीण १९६१ साली कार्यान्वित झाली, तेव्हा सिडनीतील संशोधकांचे सर्वांत मूलगामी काम जवळजवळ पूर्ण झालेले होते. ज्या पंधरा वर्षांत ते घडले त्यांची नोंद पाठ्यग्रंथांत एखाददुसऱ्या वाक्यात उरकली जाते. त्या कामातील एका प्रमुख संशोधिकेचे नाव तर कित्येक दशके या विषयाच्या अभ्यासकांनाही अपरिचित होते.

प्रस्तुत लेखात या प्रारंभकाळाचा परामर्श घेतला आहे. ही उपेक्षा केवळ काळाच्या ओघात घडलेले विस्मरण नव्हते. तिला भूगोल, सेवाशर्तींचे नियम आणि श्रेय वाटण्याची रूढ पद्धत अशी ठोस कारणे होती, असे येथे प्रतिपादन केले आहे. या इतिहासाचा एक धागा थेट ठाणे जिल्ह्यातील कल्याण आणि पुणे जिल्ह्यातील खोडदपर्यंत येतो, ही बाबही मराठी अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

रडारचा वारसा :

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, ऑस्ट्रेलियाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने सिडनी विद्यापीठाच्या आवारात रेडिओभौतिकी प्रयोगशाळा स्थापन केली. रडारविषयक संशोधन हा तिचा गुप्त हेतू होता. युद्ध संपले तेव्हा प्रयोगशाळेजवळ कुशल अभियंते होते, ग्राहकयंत्रे होती, परंतु कामच उरले नव्हते. अन्य देशांत अशा प्रयोगशाळा विसर्जित झाल्या. सिडनीत मात्र ई. जी. बोएन आणि जोसेफ पॉसी या दोघांनी हा समूह विखरू दिला नाही. बोएन मूळचे ब्रिटनमधील रडार संशोधक. ते १९४६ साली विभागप्रमुख झाले. पॉसी हे व्हिक्टोरिया प्रांतातील अरारात येथे जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतलेले. नव्या विज्ञानाची दिशा ओळखण्याची दृष्टी प्रामुख्याने पॉसी यांची होती.

१९४५ च्या पूर्वार्धात नॉरफोक बेटावरील रडार केंद्राला सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या सुमारास अनाकलनीय खरखर ऐकू येत असे. न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या एलिझाबेथ अलेक्झांडर यांनी तिचा उगम सूर्यात असल्याचे निश्चित केले. (अलेक्झांडर याही पुढे विस्मृतीतच गेल्या. या विषयाच्या आरंभकाळात एकाच वर्षात दोन स्त्रियांच्या बाबतीत हे घडावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.) हे वृत्त सिडनीत पोहोचल्यानंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये पॉसी, रुबी पेन-स्कॉट आणि लिंडसे मॅक्रेडी यांनी कोलारॉय येथील हवाई दलाच्या रडार केंद्रावरून सूर्याचे निरीक्षण सुरू केले. सौरडागांचे क्षेत्रफळ वाढले की रेडिओ लहरींची तीव्रताही वाढते, हा त्यांचा निष्कर्ष फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

समुद्र हाच आरसा :

सूर्याच्या नेमक्या कोणत्या भागातून या लहरी येतात, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळण्यासाठी त्या काळच्या रेडिओ अँटेनांची भेदनक्षमता अगदीच तोकडी होती. सूक्ष्म तपशील पाहायचा तर अवाढव्य अँटेना हवा आणि तो बांधण्यास पैसा नाही, अशी स्थिती होती. सिडनीच्या पूर्व किनाऱ्यावरील डोव्हर हाइट्स येथील कड्यावर युद्धकाळातील रडार केंद्र होते. उगवत्या सूर्याकडून तेथील अँटेनावर एक लहर थेट येते आणि दुसरी समुद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन येते. या दोहोंच्या व्यतिकरणातून पट्टे निर्माण होतात. म्हणजेच कड्यावरील एक अँटेना आणि समुद्रातील त्याची प्रतिमा मिळून दोन अँटेनांचे काम होते. दुसऱ्या अँटेनाचा खर्च शून्य! २६ जानेवारी १९४६ रोजी पेन-स्कॉट यांनी या पद्धतीने सूर्योदयाचे पहिले निरीक्षण केले. पाठोपाठ फेब्रुवारीत सूर्यावर सौरडागांचा एक प्रचंड समूह अवतरला आणि लहरींचा उगम त्या समूहाच्याच परिसरात आहे, हे सिद्ध करता आले.

या निरीक्षणांवर आधारित मॅक्रेडी, पॉसी आणि पेन-स्कॉट यांचा प्रबंध १९४७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. त्यात निरीक्षणांच्या तपशिलाइतकीच महत्त्वाची एक सैद्धान्तिक मांडणी आहे. व्यतिकरणाच्या प्रत्येक मापनातून स्रोताच्या तेजोवितरणाचा एकेक फूरिये घटक हाती येतो. असे पुरेसे घटक गोळा केल्यास त्यांच्या बेरजेतून स्रोताचे संपूर्ण चित्र पुन्हा उभे करता येईल, हे तेथे स्पष्टपणे मांडले आहे. कड्याची उंची बदलणे शक्य नव्हते आणि तरंगलांबी बदलत जाण्यातही अडचणी होत्या, म्हणून लेखकांनी स्वतः ही पद्धत पूर्णत्वास नेली नाही. तथापि अनेक लहान अँटेनांकडून एका विशाल दुर्बिणीचे काम करवून घेणाऱ्या सर्व आधुनिक यंत्रणांचे बीज याच विधानात आहे.

१९७४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक केंब्रिजच्या मार्टिन राईल यांना अँटनी ह्यूइश यांच्यासमवेत मिळाले. राईल यांच्या बाबतीत या संश्लेषण पद्धतीचा विशेष निर्देश होता. राईल यांनी ही पद्धत प्रत्यक्षात आणली, संगणकाची जोड देऊन तिला परिपूर्ण केले, हे निर्विवाद आहे. केंब्रिजचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु कल्पनेचे प्रथम प्रकाशन आणि पुढे पाहणार आहोत तो पृथ्वीच्या परिवलनाचा पहिला प्रत्यक्ष उपयोग हे दोन्ही टप्पे सिडनीचे होते, आणि लोकप्रिय इतिहासकथनातून नेमके हेच दोन टप्पे गळून पडले.

रुबी पेन-स्कॉट आणि विवाहबंदीचा नियम :

रुबी पेन-स्कॉट यांचा जन्म २८ मे १९१२ रोजी न्यू साउथ वेल्समधील ग्राफ्टन येथे झाला. सिडनी विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी व पुढे १९३६ साली पदव्युत्तर पदवी संपादन केली. त्यानंतर काही काळ कर्करोगविषयक संशोधन, काही काळ शाळेत अध्यापन आणि मग एका रेडिओ कंपनीत नोकरी असा त्यांचा प्रवास झाला. भौतिकशास्त्र शिकलेल्या स्त्रीला त्या काळी जे मार्ग खुले होते, ते सर्व त्यांनी चोखाळले, असेच म्हणावे लागेल. युद्धामुळे पुरुष संशोधकांची उणीव भासू लागली आणि १९४१ साली रेडिओभौतिकी प्रयोगशाळेचे दार त्यांना उघडले.

८ मार्च १९४७ रोजी सूर्यावर झालेल्या एका प्रचंड उद्रेकाची नोंद पेन-स्कॉट, याब्सली आणि बोल्टन यांनी तीन वारंवारतांवर एकाच वेळी केली. २०० मेगाहर्ट्झवर उद्रेक प्रथम दिसला, १०० वर नंतर आणि ६० वर सर्वांत शेवटी. सूर्याच्या वातावरणातून वर वर सरकत जाणाऱ्या विक्षोभाचा हा पुरावा होता. सौर उद्रेकांचे पहिला, दुसरा व तिसरा प्रकार असे जे वर्गीकरण आजही वापरले जाते, त्या तिन्ही प्रकारांच्या ओळखीत त्यांच्या निरीक्षणांचा पायाभूत वाटा आहे. १९४८ नंतर पॉट्स हिल या जलाशयाच्या परिसरातील केंद्रावर त्यांनी अ‍ॅलेक लिटल यांच्यासह असा व्यतिकरणमापक तयार केला, की जो उद्रेकाचे स्थान एका सेकंदात पंचवीस वेळा टिपू शकत असे. उद्रेक सूर्यबिंबावरून सरकताना पाहणे त्यामुळे प्रथमच शक्य झाले.

नेमक्या याच काळात त्यांच्या सेवेवर गदा आली. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय शासकीय सेवेत विवाहित स्त्रीला कायम पदावर राहता येत नसे. पेन-स्कॉट यांचा विवाह १९४४ साली विल्यम हॉल यांच्याशी झालेला होता. परंतु कार्यालयीन दप्तरी त्या अविवाहितच होत्या. सहकाऱ्यांपैकी काहींना हे ठाऊक असावे, मात्र कोणी वाच्यता केली नाही. १९४९ साली परिषदेची पुनर्रचना होऊन ती राष्ट्रकुल वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन संघटना झाली, आणि पाठोपाठ प्रशासनाला या विवाहाचा पत्ता लागला. १९५० साली त्यांचे कायम पद काढून घेऊन त्यांना तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या यादीत टाकण्यात आले आणि त्यासोबत निवृत्तिवेतनाचा हक्कही गेला. संघटनेचे अध्यक्ष इयन क्लुनीज रॉस यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी या नियमाच्या अन्याय्यतेवर नेमके बोट ठेवले. परंतु निर्णय बदलला नाही. समान वेतनासारख्या प्रश्नांवरील त्यांच्या ठाम मतांमुळे देशाच्या गुप्तवार्ता यंत्रणेनेही त्यांच्या नावाची धारिका उघडली होती.

१९५१ साली अपत्यजन्माच्या पूर्वी त्यांनी राजीनामा दिला. प्रसूती रजेची तरतूद नव्हती. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, जगातील पहिल्या महिला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ म्हणून आज ज्यांचा उल्लेख होतो त्या विदुषीची संशोधन कारकीर्द अशी संपुष्टात आली. पुढे १९६३ ते १९७४ या काळात त्यांनी सिडनीतील मुलींच्या एका शाळेत अध्यापन केले. त्यांचे पुत्र पीटर हॉल संख्याशास्त्रज्ञ म्हणून जागतिक कीर्तीस पोहोचले, तर कन्या फिओना हॉल या शिल्पकार व छायाचित्रकार असून २०१५ च्या व्हेनिस द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांनी ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व केले. १९८१ साली पेन-स्कॉट यांचे निधन झाले तेव्हा वैज्ञानिक जगताने त्याची फारशी दखल घेतली नाही. विवाहबंदीचा नियम मात्र १९६६ सालीच रद्द झाला होता.

त्यांच्या कार्याचे पुनर्मूल्यांकन एकविसाव्या शतकात झाले. २००८ साली संघटनेने, अपत्यसंगोपनासाठी खंड पडलेल्या संशोधकांकरिता त्यांच्याच नावाने पुरस्कार सुरू केला. ज्या संस्थेने निवृत्तिवेतन नाकारले तिनेच हे करावे, यात प्रायश्चित्ताचा भाग किती आणि औचित्याचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. २००९ साली मिलर गॉस आणि रिचर्ड मॅगी यांनी त्यांचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले.

त्याच इमारतीतील अन्य प्रयत्न :

पेन-स्कॉट यांचे उदाहरण ठळक असले तरी एकमेव नाही. जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅन्ली आणि ब्रूस स्ली यांनी डोव्हर हाइट्सच्याच कड्यावरून आकाशातील रेडिओ स्रोतांचा वेध घेतला आणि १९४९ साली त्यांतील तीन स्रोतांची दृश्य वस्तूंशी सांगड घातली. वृषभ राशीतील स्रोत म्हणजे क्रॅब तेजोमेघ; अन्य दोन कन्या व नरतुरंग या तारकासमूहांतील दीर्घिका. रेडिओ आकाश आणि डोळ्यांना दिसणारे आकाश यांचा सांधा येथे प्रथमच जुळला. १९५१ साली बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेवणाच्या सुटीत, वरिष्ठांना पत्ता लागू न देता, कड्यावरील वाळूत खड्डा खणून त्याचीच तबकडी बनविली. या ‘खड्ड्याच्या दुर्बिणी’तील निरीक्षणांतून आकाशगंगेच्या केंद्रस्थानाचा रेडिओ स्रोत निश्चित होण्यास मदत झाली. त्याच वर्षी हार्वर्ड येथे हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेषेचा शोध लागला, तेव्हा सिडनीत क्रिस्टियनसन आणि हिंडमन यांनी हाताशी असलेल्या सुट्या भागांतून काही आठवड्यांत यंत्र जुळवून त्यास पुष्टी दिली.

याच प्रयोगशाळेत ट्रेव्हर पिअर्सी आणि मास्टन बिअर्ड यांनी उभारलेल्या संगणकाने नोव्हेंबर १९४९ मध्ये पहिली आज्ञावली चालविली. स्मृतीत आज्ञावली साठविणाऱ्या जगातील अगदी पहिल्या मोजक्या संगणकांत त्याची गणना होते. जेफ हिल यांच्या आज्ञावलीनुसार त्याने १९५१ साली श्रोत्यांसमोर लोकप्रिय धून वाजविल्या. संगणकीय संगीताचा हा जगातील पहिल्या प्रयोगांपैकी एक. परंतु त्याचे ध्वनिमुद्रण कोणी केले नाही. त्याच वर्षी मँचेस्टरच्या संगणकाचे संगीत ब्रिटिश नभोवाणीने मुद्रित केले आणि जगाच्या स्मरणात तेच राहिले. उपेक्षेची कारणे कधी कधी इतकी साधी असतात.

१९५० साली समीक्षक ए. ए. फिलिप्स यांनी मेलबर्नच्या ‘मीनजिन’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियन मनातील सांस्कृतिक न्यूनगंडाचे विश्लेषण केले. आपल्याकडील निर्मितीचे मोल लंडनच्या तराजूवर पारखून घेण्याची ही वृत्ती त्यांनी साहित्य व नाट्य यांच्या संदर्भात सांगितली. विज्ञानाच्या क्षेत्रात तिचे रूप काहीसे निराळे होते. सिडनीचे संशोधक स्वतःस कमी लेखत नव्हते. केंब्रिजशी त्यांची स्पर्धा बरोबरीच्या नात्याने चालत असे. परंतु प्रबंध लंडनला पाठवायचे, ते प्रसिद्ध होईपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचे, आणि निष्कर्षांची चर्चा जेथे होते त्या सभागृहांपासून हजारो मैल दूर राहायचे, ही वस्तुस्थिती होती. ते अंतर पुष्कळ अंशी कमी झाले १९५२ साली, जेव्हा आंतरराष्ट्रीय रेडिओ विज्ञान संघाचे अधिवेशन सिडनीत भरले. पेन-स्कॉट त्यास उपस्थित होत्या, मात्र तेव्हा त्या संस्थेच्या सेवेत नव्हत्या.

पॉट्स हिलच्या तबकड्या आणि कल्याण :

या अधिवेशनास दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन आले होते. सिडनीतील काम पाहून ते प्रभावित झाले आणि परतल्यावर त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतील गोविंद स्वरूप या तरुण संशोधकास त्याविषयी सांगितले. कोलंबो योजनेखालील शिष्यवृत्तीवर स्वरूप आणि आर. पार्थसारथी मार्च १९५३ मध्ये सिडनीत दाखल झाले.

त्या वेळी पॉट्स हिल येथे डब्ल्यू. एन. क्रिस्टियनसन यांनी जलाशयाच्या काठावर सुमारे पावणेदोन मीटर व्यासाच्या बत्तीस तबकड्या पूर्व-पश्चिम ओळीत मांडलेल्या होत्या. त्यास काटकोनात आणखी एक ओळ १९५३ साली उभी राहिली. पृथ्वी फिरते तसा सूर्य या ओळींच्या संदर्भात दिवसभर निरनिराळ्या कोनांतून दिसतो. या सर्व कोनांतील नोंदी एकत्र करून क्रिस्टियनसन आणि वॉरबर्टन यांनी सूर्याचे द्विमितीय रेडिओ चित्र तयार केले. ते १९५५ साली प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या परिवलनाचा उपयोग करून केलेले हे पहिले संश्लेषण. १९४७ च्या प्रबंधात जे तत्त्व कागदावर होते ते येथे प्रत्यक्षात उतरले. सारी आकडेमोड हातांनी करावी लागली आणि तिला कित्येक महिने लागले. त्यात स्वरूप आणि पार्थसारथी यांचाही हातभार होता. पुढे या दोघांनी त्याच तबकड्या ५०० मेगाहर्ट्झवर चालतील अशा रीतीने बदलून स्वतंत्र निरीक्षणे घेतली.

क्रिस्टियनसन यांना आता फ्लर्स येथे नवी, अधिक मोठी यंत्रणा उभारायची होती. पॉट्स हिलच्या तबकड्या मोडीत जाणार होत्या. त्या भारताला द्याव्यात, अशी विनंती स्वरूप यांनी पॉसी यांना केली आणि पॉसी यांनी ती मान्य केली. कृष्णन यांनीही संमती दिली. परंतु वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा यावर प्रकरण अडले. परकीय चलनाची टंचाई असलेल्या त्या दिवसांत काहीशे पौंडांची रक्कमही सरकारी दप्तरात दीर्घकाळ रेंगाळू शकत असे. दरम्यान स्वरूप अमेरिकेस गेले. तेथे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली ती रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली. ब्रेसवेल हेही सिडनीचे आणि त्याच रेडिओभौतिकी प्रयोगशाळेतून पुढे आलेले. तबकड्या पन्नासच्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत पोहोचल्या, पण त्यांचा उपयोग करणारे कोणी तेथे नव्हते.

१९६१ साली स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन या परदेशस्थ चौघांनी भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापन करण्याचा प्रस्ताव भारतातील प्रमुख संस्थांकडे पाठविला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी काही महिन्यांतच होकार कळविला. स्वरूप १९६३ साली परतले आणि त्यांनी दिल्लीत पडून असलेल्या तबकड्या मिळविल्या. कल्याणजवळ पूर्व-पश्चिम ६३० मीटर लांबीच्या ओळीत चोवीस आणि उत्तर-दक्षिण २५६ मीटरच्या ओळीत आठ तबकड्या उभारण्यात आल्या. ६१० मेगाहर्ट्झवर चालणारी ही दुर्बीण एप्रिल १९६५ मध्ये कार्यान्वित झाली. आणखी तीन वर्षे सूर्याच्या प्रभामंडळाची निरीक्षणे तेथून होत राहिली. त्या निरीक्षणांपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, पुढे उदकमंडलम् येथे १९७० साली ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण उभारणाऱ्या तरुण संशोधकांची पहिली पिढी कल्याणच्या शेतांतच घडली. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे पुढे संचालक झालेले विजय कपाही हे त्यांपैकीच.

पॉसी यांनी कल्याणची दुर्बीण पाहिली नाही. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले होते. स्वरूप यांनी मात्र जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण सिद्ध केली आणि २००१ साली ती राष्ट्राला अर्पण झाली. हे तीसही अँटेना मिळून आकाशाचे जे चित्र देतात, ते पॉट्स हिलच्या पद्धतीनेच, पृथ्वीच्या परिवलनाचा आधार घेऊन. २०२० साली पुण्यात स्वरूप यांचे निधन झाले. २०२४ साली भारत ज्या आंतरराष्ट्रीय स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे वेधशाळेचा सदस्य झाला, तिच्या निम्न वारंवारतेच्या शाखेची उभारणी पश्चिम ऑस्ट्रेलियात वाजारी यामाजी या मूलनिवासींच्या भूमीवर होत आहे. भारताच्या सहभागाचे नेतृत्व पुण्याच्या केंद्राकडे आहे.